परळची भूक, रविवारची गोळी

रविवार उजाडला की तुम्ही आधी कालनिर्णयकडे बघता. बहिणीनं प्रत्येक रविवारच्या चौकटीत लाल पेनानं गोल काढलाय. गोळ्या पोटात गेल्या की त्या गोलावर फुली मारायची, हा घरचा नियम. सात वर्षांच्या भाच्याला रक्ताचा कर्करोग निघाला त्याला वर्ष उलटून गेलं. परळच्या वाऱ्या, सलाइनी, पाठीतली इंजेक्शनं हा सगळा भाग मागे पडलाय. आता ‘मेंटेनन्स’ चालू आहे: सिक्स-एमपीची गोळी रोज रात्री आणि मेथोट्रेक्सेटच्या बारक्या पिवळ्या गोळ्या आठवड्यातून एकदा. एकदाच. सिस्टरांनी हे तीनदा वदवून घेतलं होतं, कारण चुकून रोज दिल्या तर याच गोळ्या जीव घेतात.

जळगावच्या मेहरूणमध्ये बोरांचे दिवस आहेत. तलावाच्या बाजूनं येणाऱ्या बायकांच्या पाट्यांत ती मोठी, गोड बोरं भरलेली दिसतात आणि पोरगं हट्टाला पेटतं. पण रक्तातल्या पेशींचे काउंट कमी आहेत, कच्चं काही द्यायचं नाही. शेजारच्या काकूंनी मायेनं रक्तवाढीचं टॉनिक आणून दिलंय. बाटलीवर लोह आणि फॉलिक अॅसिड असं छापलंय. बहिणीनं ती फळीवर ठेवून दिलीय, डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही म्हणून. आणि ओसरीवरून आप्पा विचारतात, “एवढं जालीम औषध, मग आठवड्यातून एकदाच का? आणि पोरगं तर चांगलं खेळतंय. मग अजून वर्ष-दीड वर्ष कशाला?”

तुमच्याकडे उत्तर नाही. रात्री तुम्ही जळगाव स्टेशनावर मुंबईच्या गाडीत बसता. परळला फाईल दाखवायची आहे, एवढंच निमित्त. चाळीसगाव, मनमाड, नाशिक जातं. कसाऱ्याच्या घाटात डोळा लागतो, आणि दादरला उतरता तेव्हा जानेवारी १९३० आहे.

आधी कानाला कळतं. गिरण्यांचे भोंगे एकामागून एक वाजताहेत आणि परळच्या दिशेनं माणसांची रांग लागलीय. गेल्या दोन वर्षांत गिरणगावानं दोन मोठे संप पाहिले. पोटं खपाटीला गेलेली दिसतात. तुम्ही सवयीनं टाटा हॉस्पिटलच्या दिशेनं चालता, पण टाटा अजून उभं राहिलेलं नाही. ते ११ वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४१ ला उघडणार आहे. त्याऐवजी तुम्ही जवळच्याच हाफकिन इन्स्टिट्यूटच्या आवारात शिरता. ही गव्हर्नरची जुनी कोठी. साहेब मलबार हिलला गेले आणि प्लेगच्या काळात इथं प्रयोगशाळा आली. कुणी तुम्हाला अडवत नाही.

आत बेचाळिशीच्या जवळ आलेली एक इंग्रज बाई सूक्ष्मदर्शकावर वाकलेली आहे. लुसी विल्स. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून मग डॉक्टर झालेल्या. मुंबईत गरोदरपणातल्या मृत्यूंची चौकशी चालू आहे, तिच्यासाठी त्या १९२८ मध्ये इथं आल्या. गिरणीत काम करणाऱ्या आणि कामगार वस्त्यांत राहणाऱ्या गरोदर बायका पांढऱ्याफटक पडून दगावताहेत. लोह देऊन भागत नाही. विल्सबाई कामा हॉस्पिटलच्या खाटांशी जातात, घरांत काय शिजतं ते विचारतात. शोधनिबंधांवर त्यांच्या नावासोबत मेहता आणि तळपदे ही नावं येतात. मुंबईच्या माणसांशिवाय हे काम झालं नाही, हे नोंदवायला हवं, कारण नंतरच्या पुस्तकांत ती नावं गळतात.

त्या बाजूला झाल्या की तुम्ही डोळा लावता. अशक्त माणसाच्या रक्तात पेशी लहान आणि फिकट असतील असं तुम्हाला वाटलेलं असतं. काचपट्टीवर दिसतं ते उलटं. लाल पेशी थोड्या आहेत, पण एकेक पेशी नेहमीपेक्षा मोठी, फुगलेली. याचं कारण १९३० मध्ये कुणालाच ठाऊक नाही. तुम्ही नंतरच्या काळातून आलात म्हणून सांगता येतं: पेशी वाढतेय, पण तिला दुभंगता येत नाही. दोन होण्यासाठी आतल्या डीएनएची नक्कल करावी लागते आणि नकलेला लागणारा एक पदार्थ या बाईच्या ताटात पुरेसा नाही. गरोदरपणात बाळाच्या पेशी सारख्या दुभंगत असतात, तेव्हा तो आणखी कमी पडतो. रक्त तयार करणारी अस्थिमज्जा मग नुसत्या अवजड, अपुऱ्या पेशी बनवत राहते.

विल्स एकेक गोष्ट देऊन बघतात. अ जीवनसत्त्व दिलं, क दिलं, उपयोग झाला नाही. या बायकांसारखाच आहार उंदरांना दिला, तर उंदरांच्या उवांमधून आलेल्या एका जंतूनं प्रयोगात गोंधळ घातला. मग माकडं घेतली. एका आजारी माकडाला मार्माईट चाटवलं आणि ते सावरलं. मार्माईट म्हणजे बिअर गाळून उरलेल्या यीस्टचा काळाकुट्ट, खारट लगदा. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. कशानं गुण आला ते कळलं नव्हतं, पण आला हे खरं. माकडानंतर बायकांना दिला, त्याही उठून बसल्या. १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यावर लेख आला. औषध स्वस्त होतं आणि यीस्टमधला तो अनामिक घटक पुढं कित्येक वर्षं ‘विल्स फॅक्टर’ म्हणूनच ओळखला गेला.

केमोथेरपीची गोष्ट सांगणारे बहुतेक जण युद्धातल्या विषारी वायूपासून सुरुवात करतात. तीही खरी आहे. १९४२ मध्ये येल विद्यापीठात मस्टर्ड वायूच्या एका भावंडाचं इंजेक्शन रुग्णाला दिलं गेलं. पुढच्या वर्षी इटलीच्या बारी बंदरात मस्टर्ड बॉम्बनी भरलेलं जहाज फुटलं, आणि त्यात सापडलेल्यांच्या पांढऱ्या पेशी कोसळल्या. आजचं सायक्लोफॉस्फमाइड त्याच घराण्यातलं. हे औषध डीएनएच्या दोन धाग्यांना एकमेकांशी जखडतं. पण ती गोष्ट सांगताना परळची ही वाट सुटते. मला विचाराल तर पिवळ्या गोळीचं मूळ रणांगणात नाही, गिरणगावच्या रिकाम्या ताटात आहे. पेशी कशानं उपाशी राहते हे आधी कळलं, म्हणून तिला जाणूनबुजून उपाशी कसं ठेवायचं हे नंतर सुचलं.

आता पावलं लांब पडतात. १९४१ मध्ये टेक्ससला चार टन पालक गाळून मूठभर अर्क काढलेला दिसतो. त्यातून जे निघालं त्याला फॉलिक अॅसिड म्हणू लागले. विल्सबाईंच्या घटकाचं गूढ तिथं उलगडायला लागलं. तिथून तुम्ही न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर गावी, लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत पोचता. संशोधन विभागाचा प्रमुख आहे येल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातल्या भीमावरमचा, जन्म १८९५ चा. स्नायूंना शक्ती पुरवणाऱ्या एटीपीच्या शोधात याचा हात होता, तरी हार्वर्डनं त्याला कायमची जागा दिली नाही. इथं त्याच्या हाताखालच्या रसायनज्ञांनी १९४५ पर्यंत फॉलिक अॅसिड कारखान्यात बनवून दाखवलंय. आणि बनवता येऊ लागल्यावर त्यात थोडा बदल करूनही बघता येतं. एका कोपऱ्यातला ऑक्सिजनचा तुकडा काढून तिथं नायट्रोजनचा बसवायचा. दिसायला तेच, पण काम न करणारं. अशा नकली रेणूंच्या बाटल्या फळीवर जमताहेत.

बॉस्टनच्या बालरुग्णालयात सिडनी फार्बर या बाटल्यांची वाट बघतोय. मूळचा पॅथॉलॉजिस्ट, मेलेल्या मुलांच्या काचपट्ट्या वाचण्यात वर्षं घालवलेला. ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाची मुलं त्याच्याकडे शेवटीच पोचायची, तळघरात. विल्सच्या बायकांना फॉलिक अॅसिडनं रक्त आलं, तर या मुलांनाही येईल, असा त्यानं आधी सरळ हिशेब केला आणि त्याच जातीची औषधं दिली. रोग भडकला. मज्जेतल्या बिघडलेल्या पेशींना नेमकं तेच हवं होतं, आणि त्यांनी त्यावर ताव मारला.

इथं तुम्हाला मेहरूणच्या फळीवरची टॉनिकची बाटली आठवते. काकूंचा विचार आणि फार्बरचा पहिला विचार एकच होता: पोरगं फिकं आहे, रक्तवाढीचं द्या. जेवणातली पालेभाजी निराळी. फॉलिक अॅसिड मात्र या आजारात डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही, ते या अनुभवामुळं.

फार्बरनं मग हिशेब उलटा केला. फॉलिक अॅसिडनं रोग वाढतो, तर फॉलिक अॅसिडच्या वाटेत आडवं पडणारं काहीतरी द्यावं. १९४७ चा डिसेंबर संपता संपता सुब्बारावच्या प्रयोगशाळेतलं अमिनोप्टेरिन पहिल्या मुलाच्या अंगात गेलं. रुग्णालयातल्या काही डॉक्टरांना हे पटत नव्हतं. मरणाऱ्या लेकरांना शांतपणे जाऊ द्या, छळू नका, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही त्या वॉर्डात उभे राहता तेव्हा ते म्हणणं क्रूर वाटत नाही. सुजलेली पोटं, हिरड्यांतून रक्त, रात्रभर कण्हणं. तरी एका वैद्यकीय नियतकालिकाच्या ३ जून १९४८ च्या अंकात जे छापून आलं त्यानं वैद्यक हललं: १६ मुलांपैकी १० जणांमध्ये रोग मागे हटला होता. काही महिन्यांपुरताच. पण औषधानं मुलांमधला तीव्र ल्युकेमिया हटतो, हे त्याआधी कुणी पाहिलेलं नव्हतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेला, वयाच्या ५३ व्या वर्षी. अमिनोप्टेरिनपेक्षा जरा सौम्य आणि भरवशाचं भावंड तोवर तयार झालं होतं. त्यालाच आपण मेथोट्रेक्सेट म्हणतो.

आता वॉर्डात थांबून भागणार नाही. आणखी आत जायला हवं: एका मुलाच्या कमरेच्या हाडात, मज्जेत.

आत गर्दी आहे. रोज हजारो कोटी पेशी तयार करण्याचं हे ठिकाण, पण आत्ता बहुतेक जागा एकाच प्रकारच्या अर्धवट वाढलेल्या पेशींनी व्यापलीय. यांना ब्लास्ट म्हणतात. त्या लढाऊ पांढऱ्या पेशी व्हायच्या होत्या, पण मोठ्या होणं विसरून नुसत्या दुभंगत राहिल्या. त्यांतल्या एकीत तुम्ही शिरता. ती दुभंगायच्या तयारीत आहे, म्हणजे डीएनएची सुमारे सहाशे कोटी अक्षरं पहिल्यापासून लिहून काढायला बसलीय. अक्षरं चारच. त्यांतलं एक थायमीन. ते तयार होताना एका रेणूवर कार्बनचा एक कण चढवावा लागतो आणि तो कण वाहून आणतं फॉलेट. कण देऊन टाकला की फॉलेट रिकामं होतं. ते पुन्हा कामाला लावायचं तर एका एन्झाइमच्या हाताखालून जावं लागतं. नाव लांबलचक आहे, डायहायड्रोफोलेट रिडक्टेज.

रविवारची गोळी इथं येऊन पोचते. जळगावचा सराफ कसोटीच्या दगडावर घासल्याशिवाय सोनं हातात धरत नाही. या एन्झाइमकडे तसला दगड नाही. दिसायला फॉलेटसारखं म्हणून ते मेथोट्रेक्सेटला कवटाळतं, खऱ्यापेक्षा कितीतरी घट्ट, आणि मग सोडत नाही. खरं फॉलेट बाहेर रिकामंच ताटकळत राहतं. काही तासांत थायमीन संपतं.

पेशी लिहायचं थांबवत नाही, हीच तिची चूक. थायमीनच्या जागी ती त्याच्याशी मिळतंजुळतं, पण चुकीचं अक्षर घालते. दुरुस्ती करणारी यंत्रणा येते, चुकीचं अक्षर कापून काढते, भरायला थायमीन मागते. ते नाही. पुन्हा चुकीचं अक्षर, पुन्हा काप. ठिकठिकाणी कापलेला धागा शेवटी तुटतो आणि इतकी मोडतोड झालेली पेशी स्वतःला संपवण्याची आज्ञा पाळते. परळच्या बाईच्या मज्जेत महिनोन्‌महिने जे हळूहळू झालं, ते इथं एका रात्रीत, ठरवून घडवून आणलंय.

ही गोळी कर्करोग ओळखत नाही. तिला कळतं एवढंच, की कोणती पेशी या घटकेला नक्कल करतेय. शेजारी चांगली लाल-पांढरी पेशी घडत असेल तर तीही मरते. तोंडाच्या आतलं अस्तर, आतड्याचं अस्तर, केसांची मुळं, सगळीकडे पेशी सतत दुभंगत असतात. म्हणून तोंड येतं, जुलाब होतात, काही औषधांनी केस गळतात, काउंट पडतात. ‘औषध फार गरम आहे’ असं आपल्याकडे म्हणतात. पण त्याचं काम आणि त्याचा त्रास ही एकच क्रिया आहे, निरनिराळ्या जागी घडणारी. आणि कर्करोगाच्या पेशी सगळ्यांपेक्षा वेगानं वाढतात, ही समजूतही पुरती खरी नाही. आपल्या आतड्याच्या अस्तराचा वेग कित्येक गाठींपेक्षा जास्त असतो.

मग पोरगं वाचतं कसं? मज्जेच्या एका कोपऱ्यात बघा. तिथं थोड्या मूळ पेशी निवांत पडल्यात. रक्त बनवणारी सगळी पुढची पिढी यांच्यातून येते, पण या स्वतः क्वचितच दुभंगतात. नक्कल करत नाहीत, म्हणून थायमीन मागत नाहीत, म्हणून औषध त्यांना जवळजवळ शिवत नाही. औषध ओसरलं की त्या जाग्या होतात आणि मज्जा पुन्हा भरून काढतात. कर्करोगाच्या पेशी इतक्या लवकर आणि इतक्या शिस्तीत सावरत नाहीत. चांगल्या मज्जेला ही जी थोडी आघाडी मिळते, तिच्या भरवशावर सगळी केमोथेरपी उभी आहे. सलाइनची सायकल तीन आठवड्यांनी का, तर तेवढ्यात काउंट वर यावेत म्हणून. पिवळी गोळी आठवड्यातून एकदा का, याचंही उत्तर तेच. ती रोज दिली तर सावरायला उसंतच उरत नाही. आप्पांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर औषधात नव्हतं, मधल्या सहा दिवसांत होतं.

परतीच्या वाटेवर दोन-तीन ठिकाणी डोकावून घ्या. न्यूयॉर्कजवळ टकाहो इथं गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज डीएनएच्या दुसऱ्या दोन अक्षरांची नक्कल बनवताहेत. रोज रात्रीची सिक्स-एमपी ती हीच, १९५३ पासून वापरात. कॅनडात रॉबर्ट नोबल उंदरांना सदाफुलीचा अर्क देतोय. जमैकात मधुमेहावर ही पानं उकळून पितात असं त्याला कळलं होतं. आपल्याकडेही सदाफुलीची फुलं चावणारे मधुमेही कमी नाहीत. उंदरांची साखर काही उतरली नाही, उंदीर मात्र जंतुसंसर्गानं मेले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशी संपल्या होत्या. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी त्या अपयशात औषध ओळखलं. सदाफुलीतलं विनक्रिस्टिन वेगळ्या जागी घाव घालतं. नक्कल झाल्यावर दोन्ही प्रती दोन बाजूंना ओढून नेणारे बारीक तंतू ते जुळूच देत नाही. शेकडो किलो वाळल्या पानांतून ग्रॅमभर निघतं, तेव्हा अंगणातल्या झाडाची पानं चावून काही साधायचं नाही, अपाय मात्र होईल. आणि हे औषध शिरेतच द्यायचं. पाठीच्या मणक्यात चुकून गेलं तर रुग्ण दगावतो. मेथोट्रेक्सेट मात्र पाठीत देतात, कारण मेंदूच्या भोवतालच्या द्रवात लपलेल्या पेशींपर्यंत एरवी ते पुरेसं पोचत नाही.

एक थांबा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत, १९५६ मध्ये. मिन चिऊ ली हा डॉक्टर वारेच्या एका दुर्मीळ कर्करोगावर मेथोट्रेक्सेट देतोय. बायकांच्या फुप्फुसांतल्या गाठी विरघळल्या, एक्स-रे स्वच्छ आला. लीचं समाधान होत नाही. कर्करोग एक संप्रेरक रक्तात सोडतो आणि त्याची पातळी शून्य झालेली नाही. तो औषध चालूच ठेवतो. वरिष्ठांना वाटतं, हा बऱ्या झालेल्या बायकांना विष पाजतोय. त्याला संस्था सोडावी लागली. काही वर्षांनी हिशेब स्पष्ट झाला: एक्स-रेवर समाधान मानून जिथं औषध थांबवलं तिथं रोग परतला. शून्य होईपर्यंत ज्यांना दिलं त्या बऱ्या झाल्या.

आप्पांच्या दुसऱ्या प्रश्नाला हाच माणूस उत्तर देतो आणि त्यामागचं गणित अलाबामात हॉवर्ड स्किपर उंदरांवर मांडतो. ल्युकेमियाची एकच पेशी टोचली तरी उंदीर शेवटी मरतो. आणि औषधाचा एक डोस ठरावीक संख्येनं पेशी मारत नाही, ठरावीक हिश्शानं मारतो. रोग सापडतो तेव्हा मुलाच्या अंगात साधारण एक लाख कोटी ब्लास्ट असतात. हजारातल्या ९९९ मारल्या तरी शंभर कोटी उरतात. त्या काचपट्टीवर दिसत नाहीत. पोरगं खेळतं, जेवतं, रिपोर्ट चांगला येतो, आणि शंभर कोटी आत असतात. पुढचा डोस त्यांचा हिस्सा घेतो, त्यापुढचा उरलेल्यांचा. त्यात एखादी पेशी एका औषधाला दाद देत नाही, म्हणून निरनिराळ्या जागी मारणारी चार-पाच औषधं एकत्र. फार्बरच्या मुलांना एकच औषध मिळालं होतं, म्हणून महिन्यांतच रोग उलटला.

आता पुन्हा परळ, पण १९८० चं दशक. टाटा मेमोरियलच्या वॉर्डातून एक डॉक्टर चाकाच्या खुर्चीवरून फिरताहेत. सुरेश अडवाणी. लहानपणी पोलिओ झाला, त्यामुळं वैद्यकीय महाविद्यालयानं आधी प्रवेशच नाकारला होता. १९८३ मध्ये त्यांनी भारतातलं पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण इथं केलं, एका नऊ वर्षांच्या मुलीवर, तिच्या भावाची मज्जा वापरून. पण मला त्याहून मोठं काम वाटतं ते कमी गाजलेलं. अमेरिकेतले डॉक्टर इयन मॅग्रथ यांच्यासोबत १९८४ मध्ये भारतातल्या ल्युकेमियाच्या मुलांसाठी उपचारांचा एक आराखडा ठरला, एमसीपी-८४१. मुंबई, दिल्ली, चेन्नई इथं एकाच पद्धतीनं तो वापरला गेला. आधी अशा पाच मुलांतलं एखादं वाचायचं, नंतर साधारण निम्मी वाचू लागली.

औषधं तीच होती, परदेशातलीच. अवघड होतं ते पोरांचं अंग. अर्धपोटी मुलाला तोच डोस दिला की तोंड जास्त सोलतं, काउंट खोल जातात, संसर्ग जीव घेतो. ज्याच्या अंगात फॉलेट आधीच कमी, त्याला फॉलेटचा शत्रू दुप्पट झोंबतो. विल्सबाईंनी काचपट्टीवर पाहिलेली भूक पन्नास वर्षांनी त्याच परळात औषधाच्या आड आली. त्यात कित्येक कुटुंबं अर्ध्यातून परत जायची. मूल खेळायला लागलं, पैसे संपले, गावी दुसरी लेकरं आहेत, पेरणी आली. शंभर कोटींचं गणित त्यांना कुणी समजावलेलं नसायचं. आज वॉर्डात आहारतज्ज्ञ असतात, डबा आणि शेंगदाण्याच्या लाडवांची चौकशी गोळ्यांइतकीच बारकाईनं होते. राहायला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा आहेत. यातलं काहीच औषधनिर्माणशास्त्रात मोडत नाही, पण हिश्शाहिश्शानं मारायचं तर मूल शेवटच्या हिश्शापर्यंत टिकलं पाहिजे.

शेवटचं दार वर्तमानाला लागून आहे. त्याच आवारात, तोंडाच्या कर्करोगाच्या ओपीडीत. इथं खानदेशची माणसं भरपूर भेटतात. तंबाखू-चुना, गुटखा, गालातली गाठ, फार उशिरा आलेले. शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या रुग्णांना तीन आठवड्यांनी सलाइनमधून सिस्प्लॅटिन देण्याची रीत होती. टाटाच्या डॉक्टरांनी ४२२ रुग्णांवर तुलना केली: निम्म्यांना ते, निम्म्यांना आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आणि रोज दोनदा सेलेकॉक्सिब, ही सांधेदुखीवरची ओळखीची गोळी. २०२० मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये निकाल आला. सलाइनवाले सरासरी सहा महिन्यांच्या थोडं पुढं जगले, गोळीवाले साडेसात. त्रासही कमी. या दोन्ही उपचारांनी कुणी बरं झालं नाही, आणि इथल्या डॉक्टरांनी तसा दावाही केला नाही. दीड महिना म्हणजे काय, असं कुणीही म्हणेल. म्हणणाऱ्यानं या बाकावर तासभर बसावं.

तुमच्या शेजारी रावेरकडचा एक केळीवाला बसलाय. गालाला फडकं, शब्द अडखळत येतात. नंबर लागल्यावर तो सगळ्यात आधी विचारतो, “डॉक्टरसाहेब, सलाइन लावाले दर तीन आठवड्यानं यावं लागीन का?”

“नाही बाबा. गोळ्या आहेत, घरीच घ्यायच्या. रक्त तपासायला महिन्यानं या.”

तो बोटांवर मोजतो. महिन्याभरात केळीची कापणी उरकते.